चालता चालता इंजिन बंद पडतं, कोड मात्र सापडत नाही: दोन ओबीडी अ‍ॅडॅप्टरची कसून परीक्षा

गाडीच्या ओबीडी, म्हणजे तपासणीच्या सॉकेटला लागणारा, ईएलएम३२७ या नावाने विकला जाणारा निळा, काडेपेटीएवढा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर इंजिनचा दिवा लागल्यावर बिघाडाचा कोड वाचायला पुरतो, याबद्दल वाद नाही. पण स्पोर्ट्स कार वेगात असताना गपकन बंद पडते, दिवा लागत नाही, कोड उमटत नाही आणि वीस मिनिटांनी सेल्फ मारला की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते, तेव्हा हाच अ‍ॅडॅप्टर कितपत कामाला येतो? इथे त्याची तुलना एसटीएन या वेगळ्या चिपवर चालणाऱ्या ओबीडीलिंक एमएक्स प्लसशी केली आहे. निकष एकच ठेवला आहे: इंजिन मरण्याच्या आसपासच्या दोन सेकंदांत काय घडलं, ते हे उपकरण विश्वासाने सांगतं का? पडदा किती सुंदर, अ‍ॅपमध्ये किती काटे फिरतात, याला आम्ही शून्य गुण देतो.

निकाल आधीच सांगतो. स्वस्त अ‍ॅडॅप्टर अशा बिघाडात अर्धवट उपयोगी आहे आणि अर्धवट उपयोगी असणं कधी कधी निरुपयोगी असण्यापेक्षा जास्त महागात पडतं. कारण पुढे येईलच.

कोड का बसत नाही

क्रँकशाफ्टचं फिरणं मोजणाऱ्या क्रँक सेन्सरकडून येणारे पल्स थांबले की ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या संगणकाच्या, लेखी इंजिन थांबलं. चालकाने किल्ली फिरवली काय आणि सेन्सर मेला काय, त्याला दोन्ही सारखंच. तो इंजेक्टर आणि कॉइल बंद करतो, पंपाचा रिले सोडतो आणि तक्रार नोंदवत नाही. पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा कोड बऱ्याच गाड्यांत तेव्हाच बसतो, जेव्हा कॅमशाफ्टवरच्या कॅम सेन्सरचे पल्स येत आहेत पण क्रँकचे येत नाहीत, असं ईसीयूला ठरावीक वेळ दिसतं. म्हणून गाडी बंद पडून सुरू होत नसेल, तर सुरक्षित जागी उभी केल्यावर आठ-दहा सेकंद सलग सेल्फ मारावा आणि मग कोड वाचावेत. दोन-दोन सेकंदांचे झटके देत बसलं तर ईसीयूला निष्कर्षापर्यंत जायला वेळच मिळत नाही. अर्थात सेल्फ मोटरलाही दोन प्रयत्नांमध्ये मिनिटभर विश्रांती हवी.

कोड वाचताना फक्त पक्के कोड पाहून थांबू नये. प्रलंबित कोड मोड ०७ मध्ये असतात आणि अधूनमधून होणारा बिघाड बरेचदा तिथेच अडकलेला सापडतो. कोड असेल तर मोड ०२ मधला फ्रीझ फ्रेमही उघडावा. कोड बसला त्या क्षणी आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान, फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलच्या मात्रेत केलेली दुरुस्ती) किती होतं ते त्यात गोठवलेलं असतं. सगळ्यात मोठा गोंधळ होतो तो इथेच. कोणीतरी सवयीने कोड पुसतो किंवा बॅटरीची तार काढतो. फ्रीझ फ्रेम गेला, शिकलेलं फ्युएल ट्रिम गेलं आणि पुरावाही गेला.

या सगळ्या कामात निळा अ‍ॅडॅप्टर आणि ओबीडीलिंक यांच्यात फारसा फरक नाही. कोड वाचणं हे घाईचं काम नाही. एक-दोन सेकंद जास्त लागले तर काही बिघडत नाही.

कडा, उतार आणि शांतता

फरक सुरू होतो तो चालत्या गाडीतल्या नोंदीपासून. मॅन्युअल गिअरची गाडी गिअरमध्ये असेल, क्लच सोडलेला असेल आणि इंजिन मेलं, तरी चाकं त्याला फिरवत राहतात. या एका गोष्टीत निम्मं निदान आहे.

आलेखात आरपीएम एका नोंदीत २४०० आणि पुढच्या नोंदीत शून्य, वेग मात्र अजून ६०च्या आसपास, म्हणजे सरळ कडा दिसली, तर क्रँकशाफ्ट प्रत्यक्षात फिरतोय आणि ईसीयूला तो दिसत नाही. सेन्सर, त्याची वायर किंवा कनेक्टर, याच्या बाहेर शोधू नका.

आरपीएम वेगाबरोबर हळूहळू उतरत गेला, म्हणजे आलेखाला उतार आला, तर सेन्सर शाबूत आहे. ईसीयूला इंजिन फिरताना दिसतंय, पण आत आग लागत नाही. म्हणजे पेट्रोल नाही किंवा स्पार्क नाही. अशा वेळी गाडी बहुधा गचके खात मरते.

आणि तिसरा प्रकार, शांतता: आरपीएम शून्यही नाही, उतरतही नाही, नोंदच थांबते. ईसीयू उत्तर देत नाही. ओबीडी सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनवर बॅटरीचा थेट पुरवठा असतो, त्यामुळे अ‍ॅडॅप्टर जिवंत राहतो आणि पिनवरचं व्होल्टेज स्वतः मोजू शकतो. अ‍ॅडॅप्टर १२.६ व्होल्ट दाखवतोय, फोनचा जीपीएस वेग दाखवतोय आणि ईसीयू गप्प आहे, तर ईसीयूचा पुरवठा किंवा अर्थिंग तुटलंय: मेन रिले, फ्यूज, इग्निशन स्विच, अर्थची तार.

या तीन आकारांसाठीच अ‍ॅडॅप्टर विकत घ्यायचा. आणि निळा अ‍ॅडॅप्टर नेमका तिसऱ्यात नापास होतो. त्याचं ब्लूटूथ मध्येच सुटतं, उत्तर लांब आलं की तो अडखळतो, सेल्फ मारताना व्होल्टेज खाली आलं की स्वतःच रीसेट होतो. मग नोंद थांबली ती ईसीयू मेला म्हणून की अ‍ॅडॅप्टर झोपला म्हणून? सांगता येत नाही. ज्या उपकरणाच्या शांततेवर विश्वास ठेवता येत नाही, ते इथे चुकीच्या दिशेला नेतं. लोक मेन रिले बदलतात, ईसीयू दुरुस्तीला पाठवतात आणि दोष सेन्सरच्या वायरीत निघतो. ओबीडीलिंकची जोडणी या कामात कितीतरी स्थिर आहे. तिच्या नोंदीत पडलेल्या खंडाला अर्थ असतो.

खरं तर पहिल्या दोन आकारांसाठी अ‍ॅडॅप्टरही लागेलच असं नाही. डॅशबोर्डवरचा आरपीएमचा काटा पाहायची सवय असेल तर गाडी गिअरमध्ये घरंगळत असताना काटा धपकन शून्यावर आला की सावकाश उतरला, हे फुकटात कळतं. नव्या डिजिटल मीटरमध्ये काट्याची हालचाल मुद्दाम गुळगुळीत केलेली असते, तिथे या निरीक्षणावर भार टाकू नये. ऑटोमॅटिक आणि ड्युअल क्लच गाड्यांत इंजिन मेल्यावर चाकांशी असलेला दुवा लगेच सुटतो, त्यामुळे कडा आणि उतार दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. तिथे फक्त शांतता ओळखता येते.

नोंद कशी घ्यायची

अ‍ॅपमध्ये वीस काटे मांडले की प्रत्येकाची पाळी उशिरा येते. चारच घ्या (कंसात त्यांचा पीआयडी, म्हणजे ज्या क्रमांकाने तो आकडा ईसीयूकडे मागतात तो): आरपीएम (पीआयडी ०सी), वेग (०डी), थ्रॉटल (११) आणि इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर (०बी) किंवा हवेचा ओघ मोजणारा एअरफ्लो (१०) यांपैकी गाडीत असेल तो. डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये) असेल तर पाचवा म्हणून फ्युएल रेलचा दाब (२३). व्होल्टेज ईसीयूकडून न मागता अ‍ॅडॅप्टरकडून घ्यावं. त्याने डेटा लाइनचा वेळ खर्च होत नाही आणि ईसीयू मेल्यावरही आकडा येत राहतो. नोंद सीएसव्ही फाइलमध्ये, जीपीएस वेगासकट.

कॅन या वेगवान डेटा लाइनवर चालणाऱ्या गाडीत, उदाहरणार्थ २००५ नंतरच्या एनसी पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये, एकाच विनंतीत सहापर्यंत पीआयडी मागता येतात. ओबीडीलिंक ते नीट करतं, आलेख दाट येतो. निळ्या अ‍ॅडॅप्टरपैकी अनेकांना एकापेक्षा जास्त तुकड्यांत येणारं उत्तर धड जोडता येत नाही. त्यांच्यासाठी अ‍ॅपमध्ये ही सोय बंद करावी लागते आणि आलेख विरळ होतो.

के-लाइन या जुन्या, संथ डेटा लाइनच्या गाड्यांत, म्हणजे पॉर्श ९८६ बॉक्स्टर, ९९६ किंवा एनबी पिढीची एमएक्स-५, महागडा अ‍ॅडॅप्टरही फार वेगाने धावू शकत नाही. आयएसओ ९१४१ या तिच्या मानकाचा वेग सेकंदाला १०,४०० बिट आणि एका उत्तरानंतर पुढची विनंती पाठवण्याआधी किमान ५५ मिलिसेकंद थांबावंच लागतं. सगळं सुरळीत चाललं तरी सेकंदाला दहाच्या आसपास उत्तरं. पाच पीआयडी मागितले तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदात दोन नोंदी. अर्ध्या सेकंदात संपणारा बिघाड त्यातून निसटतो. म्हणून के-लाइनवर फक्त आरपीएम मागा, बाकी सगळं सोडा. इथे दोन्ही उपकरणांतलं अंतर बरंच कमी होतं. गाडी के-लाइनची असेल आणि खिसा हलका असेल तर निळा अ‍ॅडॅप्टर चालवून घेता येईल.

अ‍ॅडॅप्टरचं व्होल्टेज वापरायचं तर ते आधी जुळवून घ्यायला हवं. निळ्यात अर्ध्या व्होल्टचा फरक सहज सापडतो. मल्टीमीटर बॅटरीला लावा, आकडा समजा १२.४७ आला, तर टर्मिनल अ‍ॅपमधून एटीसीव्ही १२४७ ही आज्ञा द्या आणि एटीआरव्हीने पडताळा. दोन मिनिटांचं काम आहे.

चालकाने पडद्याकडे पाहायचं नाही. नोंद चालू करून फोन बाजूला ठेवायचा किंवा शेजारी कोणी बसवायचं. इंजिन गेलं की स्टीअरिंग जड होतं, ब्रेक बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरता व्हॅक्यूम उरतो. म्हणून ब्रेक पंप न करता एकदाच दाबून धरायचा आणि किल्ली लॉकपर्यंत फिरवायची नाही.

कडा दिसली तर

इंजिन गरम झाल्यावर बंद, निवल्यावर चालू, आणि आलेखात कडा, हे क्रँक सेन्सरचं ठरलेलं लक्षण. ९८६ आणि ९९६ पॉर्शमध्ये तो बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या आवरणावर), उष्णतेच्या तोंडीच बसवलेला आहे आणि तिथला हा नेहमीचा दोष आहे. दोन वायरींचा सेन्सर असेल तर तो इंडक्टिव्ह, म्हणजे चुंबक आणि तारेच्या गुंडाळीचा. अशा सेन्सरचा रोध बहुधा ५०० ते १,००० ओहमच्या घरात येतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. थंड असताना मोजून समाधान मानू नका, कारण थंड असताना तो चांगलाच असतो. काढून हॉट एअर गनने बेताने तापवत मोजा. ओहम वाढत जाऊन अचानक अनंत झाले की शोध संपला. गाडीवरच तपासायचं तर बंद पडल्या पडल्या सेन्सरवर थंड पाणी टाकून लगेच सेल्फ मारणं ही जुनी युक्ती अजून चालते. मात्र एक्झॉस्टवर पाणी पडू देऊ नका.

तीन वायरींचा असेल तर तो बहुधा हॉल सेन्सर, म्हणजे पुरवठ्यावर चालणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर. त्याचा रोध मोजणं व्यर्थ आहे. पुरवठा ५ की १२ व्होल्ट येतो, अर्थ पक्की आहे आणि सिग्नलच्या वायरीवर चौकोनी लहर येते, एवढंच पाहायचं. दोन्ही प्रकारांत सेन्सर आणि दातेरी चाकातलं अंतर महत्त्वाचं. पॉर्श ९४४ वर ते ०.८ मिलिमीटर धरतात. चुंबकाच्या टोकावर लोखंडाचा चुरा चिकटलेला असेल तर पुसून टाका, पण तो आला कुठून याचाही विचार करा. क्लच किंवा फ्लायव्हील झिजतंय का?

सेन्सर बदलण्याआधी त्याची वायर ईसीयूच्या टोकापर्यंत हलवून पाहावी, विशेषतः एक्झॉस्टच्या जवळून जाणारा भाग. इथे अ‍ॅडॅप्टरची मर्यादा येते आणि ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलची लहर दाखवणारा स्कोप, लागतो. दातेरी चाक ६० वजा २ प्रकारचं (साठ जागांपैकी दोन दाते मुद्दाम गाळलेलं) असेल तर ६,००० आरपीएमला सेकंदाला सुमारे सहा हजार दाते सेन्सरसमोरून जातात. त्यातला एखादा पल्स गळला तर ना अ‍ॅडॅप्टरला कळतं ना मल्टीमीटरला. हे सिग्नल इतके मंद आहेत की बँडविड्थची चिंता नको. चिंता मेमरीची. डीएसओ१३८ हा सुट्या भागांचा छोटा स्कोप लोक हौसेने जोडतात. त्याची २०० किलोहर्ट्झ बँडविड्थ या कामाला पुरते, पण नोंद फक्त १,०२४ बिंदूंची आणि चॅनल एकच. गळलेला दात पकडायला खोल मेमरी आणि क्रँक-कॅम एकत्र पाहायला दोन चॅनल हवेत. या कामासाठी स्कोप घ्यायचा असेल तर दोन चॅनलच्या खाली जाऊ नये.

उतार दिसला तर

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात, कारण संशय लगेच पंपावर जातो आणि पंप लगेच बदलला जातो. थोडं थांबा.

बंद कधी पडते ते आधी पाहा. टाकीत पेट्रोल कमी आणि लांब वळण, किंवा जोरात ब्रेक मारून बाहेर पडताना, असं असेल तर पेट्रोल पंपाच्या तोंडापासून दूर सरकतंय. टाकी अर्ध्यावर भरून तेच वळण घ्या. त्रास गेला तर पंप चांगला आहे, टाकीतला स्वर्ल पॉट (पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारा कप्पा) किंवा त्याला भरणारा जेट पंप तपासा. चिकट टायर लावल्यावर हा त्रास अचानक उगवतो, कारण गाडी आता वळणात आधीपेक्षा जास्त जोर धरते.

सरळ रस्त्यावर, लोडवर मरत असेल तर फ्युएल ट्रिम उघडा. दीर्घकालीन ट्रिम अधिक १० टक्क्यांच्या पुढे असेल आणि लोडबरोबर वाढत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एअरफ्लो सेन्सर हवा कमी मोजतोय. आयडलला जास्त आणि आरपीएम वाढवल्यावर कमी होत असेल तर इनटेकमध्ये गळती आहे, पंपाला हात लावू नका. ऑक्सिजन सेन्सरबद्दल एक इशारा. स्पार्क गेला तरी न जळलेला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि सेन्सर मिश्रण पातळ असल्याचं सांगतो. म्हणून पातळ दिसलं म्हणजे पेट्रोलच संपलं असं नाही. क्रम पाहा: आधी पातळ आणि मग आरपीएम ढेपाळला तर पेट्रोल, दोन्ही एकदमच तर स्पार्क.

दाब मोजायचा तर पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत साधारण ३ ते ४ बार येतो. सव्‍‌र्हिस वाल्व्ह असेल तर गेज लावून होज बॉनेटखालून काचेवर आणतात आणि चालवताना पाहतात. गेज काचेच्या बाहेरच राहायला हवं. पेट्रोल भरलेली नळी केबिनमध्ये घेऊ नये, कितीही सोयीचं वाटलं तरी. डायरेक्ट इंजेक्शनची उच्च दाबाची लाइन गेजसाठी उघडूच नका. तिथे दाब अनेकदा ५० ते २०० बारपर्यंत असतो आणि तो आकडा पीआयडी २३ वर आयता मिळतो. पी००८७ हा कोड रेलचा दाब कमी असल्याचा. तो आला की उच्च दाबाच्या पंपाला दोष देण्याआधी त्याला खालून पुरवठा करणारा टाकीतला पंप तपासावा.

पंपाची खरी परीक्षा करंटने होते. लहान करंटचा क्लॅम्प आणि स्कोप जोडला की पंपाच्या मोटरच्या प्रत्येक सेगमेंटचा उंचवटा दिसतो. एक उंचवटा प्रत्येक फेरीत खचलेला असेल तर मोटर एक दिवस तिथेच अडकणार. सोबत व्होल्टेज ड्रॉप मोजा: पंप चालू असताना बॅटरीच्या धन टोकापासून पंपाच्या धन पिनपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप नको, अर्थच्या बाजूने ०.२ च्या आत. नवा पंप बसवूनही त्रास तसाच राहतो, त्यामागे बरेचदा टाकीच्या झाकणावरचा जळालेला कनेक्टर असतो.

आणि हे सगळं करण्याआधी चेसिस नंबर टाकून रिकॉल तपासा. २०२० मध्ये डेन्सोच्या कमी दाबाच्या फ्युएल पंपामुळे टोयोटा, लेक्सस, होंडा, सुबारू यांनी मोठ्या प्रमाणावर गाड्या परत बोलावल्या. पंपातला प्लास्टिकचा इंपेलर फुगून अडकायचा आणि गाडी चालता चालता बंद पडायची. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुबारू बीआरझेड आणि टोयोटा ८६ च्या सुरुवातीच्या गाड्यांचा रिकॉल आला, तो वाल्व्हच्या स्प्रिंग तुटण्याचा. तिथेही इंजिन बंद पडणं हेच लक्षण. अशा गाडीवर पंप आणि सेन्सर बदलत बसणं म्हणजे दुसऱ्याने करून द्यायचं काम स्वतःच्या खर्चाने करणं.

शांतता असेल तर

डॅशबोर्ड पूर्ण काळा झाला की तांबडे दिवे लागलेले राहिले, यावरून वाट फुटते. सगळंच गेलं तर बॅटरीचा टर्मिनल, मुख्य फ्यूज किंवा इग्निशन स्विच. मीटर जिवंत आणि फक्त ईसीयू गप्प, तर मेन रिले, ईसीयूचा फ्यूज किंवा त्याची अर्थ.

इग्निशन स्विचचं सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण जनरल मोटर्सचं. २०१४ च्या रिकॉलमध्ये शेव्हरोले कोबाल्टसोबत पॉन्टिअ‍ॅक सॉल्स्टिस आणि सॅटर्न स्काय या दोन छोट्या स्पोर्ट्स कारही होत्या. स्विच इतका हलका होता की जड जुडग्याने किंवा खड्ड्याच्या धक्क्याने किल्ली रनवरून अ‍ॅक्सेसरीवर घसरायची. इंजिन जायचं आणि एअरबॅगही निकामी व्हायच्या. कोणत्याही किल्लीच्या गाडीत तपासणी सोपी: एकच किल्ली ठेवून जुडगा काढा, इंजिन उभ्या जागी चालू ठेवा आणि किल्ली हलकेच डावी-उजवी हलवा. इंजिन अडखळलं तर स्विचचा विद्युत भाग बदला. ९८६-९९६ मध्ये हा भाग कुलपापासून वेगळा मिळतो, पूर्ण लॉक बदलायची गरज नसते.

रिलेचा दोष बहुतेक वेळा आतल्या सोल्डरमध्ये असतो. आतून गाडी तापली की टाका उघडतो, निवला की जुळतो. पॉर्श ९४४ चा डीएमई (पॉर्शचं ईसीयूसाठीचं नाव) रिले आणि १९८०-९०च्या दशकांतल्या होंडांचा मेन रिले यासाठीच ओळखले जातात. झाकण काढून भिंगाने पाहा, पिनभोवती गोल भेग दिसते. तात्पुरतं पुन्हा सोल्डर करता येतं. नवा घेतलेला बरा. रिलेच्या ३० आणि ८७ पिना जोडून पंप थेट चालवायचा असेल तर फ्यूज असलेलीच तार वापरा आणि ती केवळ तपासणीपुरती. अपघातात पंप बंद करणारी यंत्रणा त्या तारेने निकामी होते.

काही फोर्ड, जॅग्वार आणि लोटस गाड्यांत धक्का बसला की पंप तोडणारा इनर्शिया स्विच असतो. खड्ड्यातून गेल्यावर बंद पडली तर आधी त्याचं बटण दाबून पाहा. इमोबिलायझर या चोरीविरोधी यंत्रणेवर चालत्या गाडीत संशय घेऊ नका. तो सुरू होताना दोन सेकंदांत मारतो, महामार्गावर नाही.

सिग्नलला थांबताना बंद पडत असेल

हा वेगळाच आजार आहे आणि इथे निळा अ‍ॅडॅप्टरही भरपूर. थ्रॉटल बॉडीवर चढलेला कार्बन, अडकलेला पर्ज वाल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), इनटेकची गळती, मळलेला एअरफ्लो सेन्सर. पेट्रोल भरल्यानंतर लगेच आयडल ढासळत असेल तर पर्ज वाल्व्हकडे पाहा: इंजिन थंड असताना आयडलला त्याच्या टाकीकडच्या नळीत ओढ लागता कामा नये. एअरफ्लोचा ढोबळ आडाखा म्हणजे गरम इंजिनच्या आयडलला प्रत्येक लिटरमागे सेकंदाला साधारण एक ग्रॅम हवा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल साफ करताना किल्ली चालू ठेवून पाकळी बोटाने ढकलू नये, गिअर तुटतात. साफसफाईनंतर आणि बॅटरी काढल्यानंतर आयडल पुन्हा शिकवावं लागतं. ते न केल्यानेच कित्येक गाड्या दुरुस्तीनंतर बंद पडायला लागतात.

माझदा आरएक्स-८ या यादीत बसत नाही. गरम असताना आयडलला मरते आणि गरम असताना सुरूही होत नाही, तर आधी कॉइल आणि प्लग, मग रोटरी इंजिनसाठीच्या टेस्टरने कॉम्प्रेशन. तिथे साध्या कॉम्प्रेशन गेजचा आकडा फसवतो, कारण तो रोटरच्या तिन्ही बाजूंतला सर्वांत चांगला आकडा धरून बसतो.

विकत घेण्याआधी

एल्म इलेक्ट्रॉनिक्स ही मूळ कॅनेडियन कंपनी २०२२ मध्ये बंद झाली आणि बाजारातल्या निळ्या डब्यांत तिची चिप बहुधा नसतेच. एटीआय आज्ञेला व्ही१.५ असं उत्तर आलं तर नक्कल समजा, त्या क्रमांकाची आवृत्ती एल्मने कधी काढलीच नाही. व्ही२.१ सांगणाऱ्यांतही अर्ध्या आज्ञा गायब असतात. एसटीआय ही आज्ञा दिल्यावर आवृत्ती आली तर एसटीएन चिप, प्रश्नचिन्ह आलं तर नाही.

निळा अ‍ॅडॅप्टर सॉकेटमध्ये विसरू नका. तो झोपत नाही. ५० मिलिअँपियर धरले तरी दिवसाला १.२ अँपियर-तास जातात, तीन आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीत २५. स्पोर्ट्स कारची बॅटरी अनेकदा लहान असते आणि मग कमकुवत बॅटरीचे नवेच बिघाड मूळ बिघाडात मिसळतात. ओबीडीलिंक स्वतः झोपतं. बुटक्या गाड्यांत सॉकेट क्लचच्या पायाजवळ असतं, गुडघा लागून अ‍ॅडॅप्टर हलतो आणि खोटी शांतता नोंदली जाते. चपट्या केबलचं एक्स्टेन्शन लावून तो डॅशबोर्डखाली बांधून टाका.

कॅनची मॅन्युअल गाडी, अधूनमधून बंद पडण्याचा त्रास: ओबीडीलिंक घ्या, किंमत वसूल होते. के-लाइनची गाडी किंवा फक्त आयडलचा त्रास: निळा चालेल, सोबत चांगला मल्टीमीटर घ्या. सोळा पिनांचं सॉकेट दिसलं म्हणून गाडी ओबीडी बोलतेच असं नाही. अमेरिकेत सक्ती १९९६ पासून, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, आणि त्याआधीच्या गाड्यांत सॉकेट असलं तरी भाषा कंपनीची असू शकते. ९४४ सारख्या गाडीसाठी यातलं काहीच घेऊ नका. एक नवा डीएमई रिले घेऊन ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थरथरतो का ते पाहा: थरथरला तर सेन्सर बोलतोय, आधी रिले बदला. रिले बदलूनही अजिबात हलला नाही तर बेलहाउसिंगवरच्या दोन सेन्सरचे कनेक्टर उघडून सुरुवात करा, त्यांचं प्लास्टिक हात लावताच भुगा होतं.